जीटीएक्स १०६० की आरएक्स ५८०?

प्रश्न : माझ्याकडे चौथ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि विंडोज १० असलेला डेस्कटॉप आहे. मॉनिटर फुल एचडी आहे. गेमिंगसाठी जुने ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे. ओळखीच्या दुकानदाराकडे एनव्हीडियाचे जीटीएक्स १०६० (६ जीबी) आणि एएमडीचे आरएक्स ५८० (८ जीबी) अशी दोन कार्डे जवळजवळ एकाच किमतीला मिळत आहेत. मी व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. सायबरपंक २०७७ खेळण्याची फार इच्छा आहे. कोणते घ्यावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही दोन्ही कार्डे एकाच काळातली आणि एकाच वर्गातली आहेत. जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आले, तर आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये. आरएक्स ५८० म्हणजे आधीच्या आरएक्स ४८० चीच थोडी अधिक वेगाने चालवलेली आवृत्ती होय. डायरेक्टएक्स ११ (गेम आणि कार्ड यांच्यातील सॉफ्टवेअरचा दुवा) वर चालणाऱ्या जुन्या गेममध्ये एनव्हीडियाचे कार्ड बहुधा थोडे पुढे असते, आणि डायरेक्टएक्स १२ किंवा वल्कन हा तसाच दुवा वापरणाऱ्या गेममध्ये एएमडीचे. पण हा फरक खेळताना डोळ्यांना जाणवेल इतका क्वचितच असतो. सायबरपंकच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये किमान गरजांची यादी सुधारली, तेव्हा ही दोन्ही कार्डे त्यांनी एकाच ओळीत, एकमेकांना पर्याय म्हणून लिहिली. त्यामुळे केवळ वेगावरून निवड करायला गेलात तर निर्णय होणार नाही.

खरा फरक स्मृतीत आणि विजेच्या वापरात आहे. जीटीएक्स १०६० वर १९२ बिट रुंदीच्या मार्गावर ६ जीबी स्मृती आहे, आरएक्स ५८० वर २५६ बिट मार्गावर ८ जीबी. गेममधील भिंती, कपडे, रस्ते यांचे पृष्ठभाग, म्हणजे टेक्श्चर, या स्मृतीत बसत असतील तर ते उच्च दर्जाचे ठेवल्याने वेग फारसा कमी होत नाही. पण स्मृती पुरली नाही तर कार्डाला रॅममधून माहिती ओढत बसावे लागते आणि चालता चालता चित्र अडखळू लागते. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी पाहिली तर हे अडखळणे दिसत नाही, खेळताना मात्र चांगलेच दिसते. अलीकडच्या गेमसाठी ६ जीबी पुष्कळदा तोकडी पडते, म्हणून या एका बाबतीत माझे मत निःसंदिग्धपणे आरएक्स ५८० च्या बाजूने आहे.

मात्र हे कार्ड वीज अधिक खाते. जीटीएक्स १०६० ची कमाल गरज १२० वॅट, तर आरएक्स ५८० ची १८५ वॅट आहे. रोज चार तास खेळलात तर महिन्याला सुमारे आठ युनिटे जास्त जळतील. बिलाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ आहे. आपल्या पत्रात एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, उल्लेख मात्र कुठेच नाही, आणि निर्णय नेमका तिथे अडकला आहे. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘४५० वॅट’ या आकड्यावर विसंबू नका. कॅबिनेटची बाजूची पत्री काढून एसएमपीएसच्या अंगावरील तक्ता पाहा आणि त्यातील +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. तिथे २० अँपिअर असतील तर त्या वाहिनीतून मिळणारी शक्ती अवघी २४० वॅट. चौथ्या पिढीचा नेहमीचा आय-५ प्रोसेसर ८४ वॅटचा असतो. त्यात १२० मिळवले तर २०४ होतात, म्हणजे काठावर का होईना, भागते; १८५ मिळवले तर २६९ होतात आणि ऐन खेळात संगणक बंद पडू लागतो. आरएक्स ५८० साठी चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा, +१२ व्होल्टवर किमान ३० अँपिअर देणारा एसएमपीएस असावा. आरएक्स ५८० ला साधारणपणे आठ पिनांची जोडणी लागते, जीटीएक्स १०६० चे बहुतेकदा सहा पिनांवर भागते. एसएमपीएसवर ती जोडणी नसेल तर हार्ड डिस्कच्या वायरींतून ती तयार करून देणारे स्वस्त अ‍ॅडॉप्टर दुकानदार पुढे करतो. ते घेऊ नये. अशा वायरी तापून वितळल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत नवी नाहीत.

ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बाबतीत दोन्ही कार्डांचे दिवस सरत आले आहेत. एएमडीने २०२३ च्या अखेरीस या पिढीला मुख्य ड्रायव्हरपासून वेगळे काढले. एनव्हीडियाने आपल्या कार्डासाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या सुधारणा देण्याचे जाहीर केले आहे. लिनक्सवर एएमडीच्या जुन्या कार्डांना खुल्या ड्रायव्हरांचा भक्कम आधार आहे, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण व्हॅलोरंट लिनक्सवर चालतच नाही. आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. तरी आडमार्गाने ती प्रणाली घालण्याचा विचार असेल तर व्हॅलोरंट तिथे टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकाच्या दोन्ही सुरक्षा सोयींची मागणी करतो, हे आधीच लक्षात घ्यावे.

राहिला सायबरपंक. त्याच सुधारित यादीत प्रोसेसर म्हणून कोअर आय-७ ६७०० आणि साठवणीसाठी एसएसडी मागितली आहे. आपला चार गाभ्यांचा (कोअरचा) आय-५ त्याहून बराच खाली आहे, म्हणून गर्दीच्या रस्त्यांवर वेग पडला तर त्याचा दोष कार्डाला देऊ नये. तिथे दोन्ही कार्डे सारखीच ताटकळत बसतील. खालच्या सेटिंगवर सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम मिळाल्या तरी समाधान मानावे लागेल. गेममधील एफएसआर हा, लहान चित्र मोठे करून वेग वाढवणारा पर्याय दोन्ही कार्डांवर चालतो, तो अवश्य सुरू करावा. एनव्हीडियाच्या डीएलएसएस या अशाच सोयीसाठी आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते, त्यामुळे केवळ एनव्हीडियाचे आहे म्हणून जीटीएक्स १०६० ला तो मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. डूम : द डार्क एजेस यांसारखे, रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याची) सोय कार्डातच असावी अशी अट घालणारे गेम यांपैकी एकावरही चालणार नाहीत.

थोडक्यात, एसएमपीएस वरच्या हिशेबात बसत असेल तर आरएक्स ५८० घ्यावे. तो साधा असेल आणि बदलण्याची तयारी नसेल तर जीटीएक्स १०६० घ्यावे. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ दोन्हींवर उत्तम चालतील.

प्रश्न : आरएक्स ५८० घ्यायला गेलो तर सगळे म्हणतात, ‘ते मायनिंगचे असेल, हात लावू नकोस.’ यात कितपत तथ्य आहे? कार्ड तपासावे कसे? – एक वाचक, पुणे

उत्तर : तथ्य आहे, पण भीती थोडी जास्तच आहे. मायनिंग म्हणजे आभासी चलन मिळवण्यासाठी कार्डे सतत गणितात जुंपणे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे मायनिंग एका दिवसात संपले. त्यानंतर ही कार्डे ढिगाने बाजारात आली. सतत चालल्याने मुख्य चिप सहसा बिघडत नाही. झिजतात ते पंखे, सुकते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) आणि त्रास होतो तो स्मृतीच्या चिपांना. पंखा बोटाने हलकेच फिरवून पाहावा. तो डगमगत असेल किंवा खरखरत असेल तर पंख्यांचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. मायनिंगसाठी पुष्कळांनी कार्डाचा बायोसही (कार्ड कसे चालावे हे ठरवणारा, त्यातच साठवलेला प्रोग्राम) बदललेला असतो. काही मॉडेलांवर दोन बायोस आणि त्यांच्यासाठी एक छोटा खटका असतो, तो दुसऱ्या बाजूला करून फरक पडतो का ते पाहावे.

याहून मोठा धोका नावाचा आहे. आरएक्स ५८० या नावाखाली २०४८ गाभ्यांचे (चित्राचे गणित करणाऱ्या छोट्या घटकांचे) एक कार्ड चीनमध्ये २०१८ मध्ये निघाले, ते आपल्याकडच्या बाजारातही सापडते आणि प्रत्यक्षात ते आरएक्स ५७० च्या तोडीचे आहे. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ गाभे असतात. जीटीएक्स १०६० बाबतही असेच घडते : ६ जीबीच्या कार्डात १२८० गाभे असतात, ३ जीबीच्या कार्डात ११५२, म्हणजे त्यात केवळ स्मृती कमी केलेली नाही. ३ जीबीचे कार्ड आज कोणी निम्म्या किमतीत दिले तरी मी ते सुचवणार नाही. याशिवाय फार जुन्या कार्डांचा बायोस बदलून त्यांना जीटीएक्स १०६० असे नाव देण्याचे प्रकारही झाले आहेत.

म्हणून दुकानातच कार्ड संगणकाला लावायला सांगून जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडावा. त्यात ‘शेडर्स’ या शब्दापुढे गाभ्यांची संख्या आणि त्याखालच्या ओळींत स्मृतीचा आकार व मार्गाची रुंदी दिसते. बनावट कार्ड ओळखले गेले तर नावाच्या आधी तशी सूचनाही येते. मग फरमार्क हा कार्डावर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्राम पंधरा-वीस मिनिटे चालवावा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी चमकू लागल्या तर ते कार्ड तिथेच परत करावे, कारण स्मृतीचा बिघाड पेस्ट बदलून जात नाही. तापमान ८५ अंशांच्या वर चढत असेल पण चित्र स्वच्छ असेल, तर पेस्ट बदलून काम भागण्याची शक्यता आहे. ‘घरी नेऊन बघा, काही झाले तर आणून द्या’ असे तोंडी आश्वासन मिळाले तर ते पावतीवर लिहून घ्यावे.

प्रश्न : माझा संगणक एका कार्यालयातून निकाली काढलेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे. त्याच्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्डाची जोडणीच नाही. यात वरीलपैकी एखादे कार्ड बसेल का? मॉनिटर जुना, व्हीजीएचा आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. अशा डेस्कटॉपचा एसएमपीएस पुष्कळदा ३०० वॅटच्या आतला असतो आणि मदरबोर्डशी त्याची जोडणीही वेगळ्या घडणीची असते, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस सरळ बदलून चालत नाही. आपण ७५ वॅटच्या आतले, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेणारे कार्ड शोधावे : जीटीएक्स १०५० टीआय, किंवा जमल्यास त्याहून वेगवान जीटीएक्स १६५०. जीटीएक्स १६५० च्या काही मॉडेलांना मात्र सहा पिनांची जोडणी लागते, म्हणून कार्डाचा वरचा काठ पाहूनच घ्यावे. कॅबिनेट अरुंद असेल तर अर्ध्या उंचीचे मॉडेल लागेल आणि त्यासोबत ते कॅबिनेटला अडकवणारी आखूड पट्टी मिळते आहे ना, हेही पाहावे. यांपैकी कोणत्याही कार्डातून व्हीजीएचा अ‍ॅनालॉग संकेत थेट बाहेर पडत नाही, त्यामुळे जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागेल; एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली नुसती वायर विकली जाते, तिच्यावर चित्र येणार नाही.