मासिकातली नोकरी आणि बाबांची धास्ती

प्रश्न : मुलगी ६८ टक्क्यांनी बी.ए. झाली. पणजीतल्या एका कुटुंबाच्या छोट्या लाइफस्टाइल मासिकात लागते म्हणते. एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाची, परीक्षा सोडून हे कसलं खूळ? नातेवाइकांना काय सांगू? हे पत्र तिला कळू न देता तिचं मन वळवा. – एक पालक, फोंडा

उत्तर : तिला अंधारात ठेवून मन वळवायचं काम मी करणार नाही. तुमच्या पत्रात गुणांबद्दल एक ओळ आहे आणि नातेवाइकांबद्दल दीड पान. मुलगी तिथे नेमकं काय करणार, हे तुम्ही तिला विचारलेलंच दिसत नाही. तिने नोकरी स्वतः शोधली, मालकांशी बोलली आणि घरी येऊन खरं सांगितलं. यात खूळ कुठलं? उद्या ती न सांगता निर्णय घेऊ लागली, तर या पत्राची आठवण ठेवा.

एलडीसीची परीक्षा कर्मचारी भरती आयोगाची जाहिरात आली की नोकरी सांभाळूनही देता येते.

गैरसमज मात्र आहे, आणि तो बहुधा तिचाही असेल : मासिकात काम म्हणजे लेख लिहिणं. असं मासिक विक्रीवर नव्हे, जाहिरातींवर चालतं. सराफ, बिल्डर, हॉटेलं. चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी आणि डिसेंबरचे अंक जाड, पावसाळ्यातले रोडके, आणि तेव्हाच पगार लांबतो. तीन माणसांच्या कचेरीत मुलाखत तीच घेणार, प्रुफं तीच तपासणार, जाहिरातदाराची मंजुरीही तीच आणणार. पिन मारलेल्या अंकाची पानं चाराच्या पटीत असतात; आयत्या वेळी एक जाहिरात गळाली, तर त्या पानाचा मजकूर रातोरात उभा करावा लागतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापल्यावर फुटतो; छापायच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात. कडेला ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा छपाई) सोडला नाही, तर कटिंगमध्ये पांढरी रेघ दिसते. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात. हे सगळं लहान कचेरीत लवकर अंगवळणी पडतं, कारण करायला दुसरं कोणी नसतं.

खरी अडचण वेगळी आहे. संपादकाची खुर्ची मालकांच्या घरातच राहणार. म्हणून तिने तिथे दोन वर्षं काढावीत, फार तर तीन.

रुजू होण्याआधी तिने विचारावं : नेमणूकपत्र मिळेल का, लेखावर नाव येईल का, जाहिरात आणली तर कमिशन किती, जाहिरातदारांच्या थकबाकीची वसुली कोणाकडे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तिथे पीएफ सहसा सक्तीचा नसतो, तेही आधीच विचारून घ्यावं. वसुली तिच्या गळ्यात आणि कमिशन शून्य, असं उत्तर आलं, तर तिला नको म्हणून मीच सांगेन.