'आय बेग टू स्टेट' आता पुरे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रजेचा मसुदा वाचला. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' हे आम्हीही शाळेत घोकलं होतं, हेडमास्तरांसाठी. पण तुझी मॅनेजर मँचेस्टरला बसते. तिला वाटेल, हा सुट्टी मागतोय की माफी?

एवढंच लिही: 'वुड इट बी ऑल राइट इफ आय टुक थर्सडे अँड फ्रायडे ऑफ? इट्स माय कझिन्स वेडिंग.' यातला 'टुक' भूतकाळाचा नाही, अदबीचा आहे. 'जरा विचारायचं होतं' असं आपण म्हणतो, तेव्हा विचारायचं आत्ताच असतं ना? तसंच हे. क्रियापद एक पाऊल मागे घेतलं की इंग्रजी नम्र होते. मग 'काइंडली', 'हंबली' यांची वरात लागत नाही. आणि 'मॅरेज' नको, 'वेडिंग'. मॅरेज म्हणजे पुढचा संसार, त्याला दोन दिवस कसे पुरतील?

'लीव्ह' जपून वापर. 'आय वॉन्ट टू लीव्ह फ्रॉम मंडे' लिहिलंस तर सोमवारपासून नोकरीच सोडतोयस असं वाटेल. ब्रिटिश माणूस 'ॲन्युअल लीव्ह' किंवा सरळ 'हॉलिडे' म्हणतो, अमेरिकन 'व्हेकेशन'. 'आउट ऑफ स्टेशन' मात्र काढून टाक. साहेबाच्या काळात स्टेशन म्हणजे अधिकाऱ्याच्या नेमणुकीचं गाव. ते आपण जपून ठेवलं, तिकडे आता रेल्वेचा फलाटच आठवतो.

आजारपणाचं वेगळं. ते मागायचं नसतं, कळवायचं असतं: 'आय ॲम नॉट फीलिंग वेल, सो आय वोंट बी इन टुडे.' 'आय ॲम हॅविंग फीवर' नको, 'आय हॅव अ फीवर'. पोटाचा सविस्तर वृत्तांत तर नकोच. ब्रिटनमध्ये पहिल्या 7 दिवसांच्या आजारपणाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, कर्मचाऱ्याने स्वतः सांगितलेलं चालतं. तुझ्या पुण्याच्या ऑफिसचा नियम एचआरला विचारून घे.

आणि तुझ्या मसुद्यात मला खरी उणीव दिसली ती वेगळीच: तुझं काम त्या दोन दिवसांत कोण बघणार, हे कुठेच नाही. तिला आधी तेच हवं असेल. ते एका ओळीत लिही, तारखा वारासकट घाल आणि मला पुन्हा पाठव. आजच. लग्न गुरुवारी आहे.

तुझा,
काका