घरापुढच्या छोट्या लॉनला खत टाकायला ड्रॉप स्प्रेडर घ्यावा की रोटरी?

लॉन 60 चौरस मीटर आणि तिन्ही बाजूंनी फुलांचे वाफे, असं तुम्ही लिहिलंय. मग रोटरी डोक्यातून काढून टाका. तिची फिरती चकती दाणे दोन-तीन मीटर लांब उडवते, म्हणजे बरंचसं खत वाफ्यांत आणि फरशीवर. ड्रॉप स्प्रेडर दोन चाकांच्या मधे, डब्याच्या रुंदीएवढंच खत सरळ खाली सोडतो. तोच घ्या.

इतक्या ठामपणे सांगतेय, कारण आमच्याकडे यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. माझे थोरले दीर रोटरी घेऊन आले, मोठ्या मैदानांवर हीच वापरतात म्हणून. सकाळची वेळ, गवतावर दव. त्यांनी यंत्र लॉनच्या मधोमध उभं केलं आणि वजनबिजन न करता डब्यात युरिया ओतला. खालची झडप उघडीच होती, दोन मुठी खत जागच्या जागी सांडलं. मी म्हटलं, "भाऊजी, हे आधी गोळा करू." तर म्हणाले, पाणी मारलं की विरघळेल. मी वाकून पाहिलं तेव्हा ओल्या पात्यांना पांढरे दाणे चिकटून बसले होते. पाणी मारलं दुपारी. चौथ्या दिवशी सांडल्या जागी ताटाएवढा पिवळा डाग आणि जिथे फेरीवर फेरी चढली तिथे करपलेले पट्टे. खताने पात्यांतलं पाणीच ओढून घेतलं होतं. भाऊजींचं म्हणणं मात्र एकच, मी गवत फार खाली कापते म्हणून जळलं. पाहुण्यांसमोरही हेच सांगतात.

चूक वजनाची होती. युरियात 46 टक्के नत्र असतं. लॉनला एका वेळी चौरस मीटरमागे फार तर 5 ग्रॅम नत्र द्यावं, म्हणजे तुमच्या सगळ्या लॉनला साधारण 650 ग्रॅम युरिया. मी तर एका वेळी त्याच्या निम्माच टाकते. तोलून दोन भाग करते, एक उभ्या फेऱ्यांत, दुसरा आडव्या. डबा फरशीवर भरते. चालायला लागल्यावर झडप उघडते, थांबायच्या आधी बंद करते. पाती कोरडी असतानाच टाकते आणि लगेच भरपूर पाणी देते. पिशवीवर छापलेला सेटिंगचा आकडा तुमच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही, म्हणून आधी 10 चौरस मीटरवर किती खत पडतं ते मोजून बघा.

ड्रॉपमध्येही खोट आहे, हे सांगायला हवं. फेऱ्यांमध्ये चाकाएवढी जागा सुटली तर तिथे फिकट रेघ राहते, त्यामुळे आधीच्या चाकाच्या खुणेवरूनच पुढचं चाक न्यावं लागतं. वाकड्यातिकड्या कडा असतील किंवा मधे झाडं असतील तर तो वळवताना वैताग येतो. तिथे हातात धरून फिरवायचा छोटा स्प्रेडर बरा, किंवा हाताने फोकलं तरी चालेल, फक्त तोलून. काम झालं की यंत्र धुऊन वाळवा, नाहीतर खत ओल धरून झडप गच्च बसते.

आणि गवत मी आजही तेवढंच कापते, पाच सेंटीमीटर ठेवून. त्या वर्षानंतर लॉनवर एकही डाग पडलेला नाही.