मजकूर मोफत ठेवण्याआधी: वाचकांचे प्रश्न

आपलं लिखाण नेटवर मोफत ठेवावं की नाही, याबद्दल ठाणे-नवी मुंबईतून सतत विचारणा होते. बहुतेक गोंधळ ऐकीव माहितीतून झालेला असतो.

प्रश्न : गुगलवर मिळालेला फोटो लेखात वापरून खाली छायाचित्रकाराचं नाव दिलं तर चालतं ना? (खारघर)

नाही. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

प्रश्न : गाण्याचे तीस सेकंद वापरायला मुभा आहे असं ऐकलं. (वाशी)

असा सेकंदांचा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही.

प्रश्न : कॉपीराइट काढल्याशिवाय काहीच ऑनलाइन टाकू नका, असं एक एजंट म्हणतो आणि बारा हजार मागतो. (घोडबंदर रोड)

देऊ नका. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलंत की हक्क तिथेच जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, पण लिखाणाच्या नोंदणीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. भीती घालून पैसे उकळण्याचा हा धंदा आता थांबायला हवा. वकिलाला पैसे द्यायचेच असतील तर करार वाचून घेण्यासाठी द्या.

प्रश्न : दहावीच्या भूमितीच्या माझ्या नोट्स सर्वांसाठी मोफत ठेवायच्या आहेत. त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं चिन्ह टाक, असं एका मित्राने सुचवलं. हक्क जाईल का? (नौपाडा)

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने. या प्रश्नावर सविस्तर लिहायलाच हवं, कारण चिन्ह टाकायला दोन मिनिटं लागतात आणि त्याचे परिणाम कायमचे असतात.

नोट्स नुसत्या वाचायला ठेवल्यात तर तुमचा एकही हक्क जात नाही. दुसऱ्याने त्या छापल्या तर तुम्ही हरकत घेऊ शकता. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावल्यावर मात्र जगातल्या कुणालाही त्या अटींवर नक्कल करण्याची परवानगी मिळते, आणि ती मागे घेता येत नाही. उद्या मन बदललं तर तुमच्या पानावरून फाइल काढाल, पण ज्याने ती आधी घेतली त्याचा वापर चालूच राहील. फक्त ‘बाय’ (म्हणजे मूळ लेखकाचं नाव द्या, एवढीच अट) परवाना दिलात तर दुसरा क्लास त्याच नोट्स आपल्या मुखपृष्ठात छापून विकेल. तुमचं नाव आणि परवान्याचा उल्लेख असला की ते कायदेशीर ठरतं. ‘एनसी’ (व्यावसायिक वापराला मनाई) जोडलंत तर विक्री थांबते, पण फी घेणाऱ्या क्लासने त्या फुकट वाटल्या तर तो व्यावसायिक वापर धरायचा का, यावर वाद होऊ शकतो. शिवाय ‘एनसी’ असलेला मजकूर मराठी विकिपीडियाला घेता येत नाही. ‘एनडी’ (बदल करायला मनाई) लावलंत तर चूक सुधारून किंवा भाषांतर करून कुणी पुढे देऊ शकणार नाही. नंतर एखाद्या प्रकाशकाला सगळे हक्क एकट्यालाच हवे असतील, तर ते देणं तुमच्या हातात उरलेलं नसेल.

फायदाही खरा आहे. मुरबाड-शहापूरच्या मुलाला नोट्स मिळतात, वाचणारे चुका दाखवतात, तुमची वेबसाइट बंद पडली तरी प्रती टिकतात.

पण आधी नोट्स नीट तपासा. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या जशाच्या तशा घेतल्या असतील तर त्या तुमच्या नाहीत. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवता येतात, म्हणून त्यावरचा हक्क सुटलेला नसतो. आकृत्या स्वतः काढा. नोट्स क्लासमध्ये पगारी नोकरीत असताना, कामाचा भाग म्हणून लिहिल्या असतील तर कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क क्लासचा.

एकदम सगळं सोडू नका. एकच प्रकरण ‘बाय-एनसी-एसए ४.०’ खाली ठेवा. ‘एसए’ म्हणजे बदल करून पुढे देणाऱ्यानेही हाच परवाना लावायचा, आणि ४.० ही परवान्याची आवृत्ती. नाव, वर्ष आणि परवान्याचा दुवा प्रत्येक पानावर छापा, कारण पानं सुटी होऊन व्हॉट्सअॅपवर फिरतात. सहा महिने बघा, आणि उरलेल्या प्रकरणांआधी कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

प्रश्न : वडील २०११ मध्ये गेले. त्यांच्या कथा आम्हाला नेटवर मोफत ठेवायच्या आहेत. प्रकाशन संस्था बंद झाली आहे. (ऐरोली)

कॉपीराइट २०७१ अखेरपर्यंत आहे आणि तो वारसांकडे येतो. एकट्या भावंडाने निर्णय घेऊ नये, सगळ्यांची लेखी संमती घ्या. जुना करार शोधा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं, मात्र मे १९९५ पूर्वीच्या कराराला हा नियम लागत नाही. संस्था बंद झाली म्हणजे तिचे हक्क आपोआप मिटले, असंही नाही. करार वकिलाला दाखवल्याशिवाय एक कथाही चढवू नका.

आणखी एक. जुन्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. रोमन अक्षरांचा गुंता उमटला तर ती फाइल युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धती) नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. अशी कथा मोफत असूनही शोधात सापडणार नाही. रूपांतर करून घ्या आणि मुद्रितशोधन जरूर करा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

प्रश्न : माझ्या पाककृती फोटोंसह कुणीतरी उचलल्या. दोन वर्षं झाली. फेसबुकवर त्याचं नाव घेऊन लिहिलं, उपयोग झाला नाही. (नेरूळ)

दोन वर्षं का थांबलात? नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं आहे. नुसत्या साहित्याच्या यादीवर हक्क सांगता येत नाही. तुमची कृती सांगणारी वाक्यं आणि फोटो मात्र तुमचे आहेत. आजच त्या पानांचे पत्ता आणि तारीख दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, फोटोंच्या मूळ फाइल वेगळ्या जपा. ज्या संकेतस्थळावर मजकूर आहे त्याला लेखी तक्रार द्या: मूळ मजकूर कोणता, नक्कल कुठे, हक्क तुमचा कसा. तक्रार नियमानुसार असेल तर ३६ तासांत तो मजकूर रोखणं अपेक्षित आहे. तो २१ दिवसच रोखून धरला जातो; तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर पुन्हा दिसू शकतो. म्हणून तक्रार टाकण्याआधी वकील गाठा. आणि फेसबुकवरची ती पोस्ट त्यांना दाखवा, बदनामीचा उलटा दावा तुमच्यावर यायला नको.