वाचकांचे प्रश्न : चेतापेशींना वाटेवर ठेवणारे रिसेप्टर

प्रश्न : सीएक्ससीएल१२ हे केमोकाइन (पेशींना वाट दाखवणारं छोटं प्रथिन) ओळखायला चेतापेशीजवळ सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर (पृष्ठभागावरचं, संदेश पकडणारं प्रथिन) आहे. मग त्याच पेशीवर सीएक्ससीआर७ कशासाठी?

उत्तर : आधी पेशींची वाट पाहू. कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, इंटरन्यूरॉन (जवळच्या चेतापेशींना जोडणाऱ्या) पेशी तिथे जन्मत नाहीत. उंदराच्या भ्रूणात साधारण १२व्या-१३व्या दिवसापासून त्या मेंदूच्या तळाकडच्या गँग्लिऑनिक एमिनन्स या उंचवट्यांमधून निघतात आणि मुख्यतः दोन पट्ट्यांतून आडव्या पसरतात : एक पट्टा पृष्ठभागालगत, दुसरा खोल, सबव्हेंट्रिक्युलर झोनजवळ (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीलगतच्या थराजवळ). सीएक्ससीएल१२ नेमकं इथेच स्रवतं. वर मेंदूची आवरणं ते सोडतात, खाली विभाजन होत असलेल्या पूर्वज पेशी. सीएक्ससीआर४ शाबूत असेपर्यंत पेशी या पट्ट्यांत टिकतात. पुढे त्यांचा प्रतिसाद ओसरला की त्या मधल्या कॉर्टिकल प्लेटमध्ये (घडत असलेल्या कॉर्टेक्सच्या थरात) शिरतात. सीएक्ससीआर४ नसलेल्या उंदरांत त्या वेळेआधीच आत घुसतात आणि थरांमधली वाटणी बिघडते. अनुमस्तिष्कातल्या (मेंदूच्या मागच्या भागातल्या) ग्रॅन्यूल या छोट्या चेतापेशीही अशाच अवेळी आपला थर सोडतात, हे १९९८ मध्येच दिसलं होतं.

सीएक्ससीआर७ जी-प्रोटीनमार्फत (अशा रिसेप्टरांचा पेशीतला नेहमीचा संदेशवाहक) संदेश देत नाही. तो सीएक्ससीएल१२ घट्ट पकडतो, पेशीत नेतो, लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीत नष्ट होऊ देतो आणि स्वतः पृष्ठभागावर परततो. तो काढून टाकला की बाहेर केमोकाइन साचतं. सततच्या माऱ्याने सीएक्ससीआर४ आत ओढला जातो आणि नष्ट होतो. संदेश भरपूर, पण तो घेणारा रिसेप्टरच उरत नाही! म्हणूनच दोन्ही रिसेप्टरांच्या अभावाचे परिणाम बरेच सारखे दिसतात. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हे उलगडलं.

प्रश्न : ट्रान्सवेलच्या (सच्छिद्र पडद्याने वर-खाली विभागलेल्या, पेशींची हालचाल मोजायच्या भांड्याच्या) खालच्या कप्प्यात सीएक्ससीएल१२ची मात्रा वाढवली, तर पेशी उलट कमी उतरल्या. प्रथिन खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. केमोकाइनची मात्रा आणि उतरलेल्या पेशी यांचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो. जास्त मात्रेला रिसेप्टर आत जातात आणि वरच्या-खालच्या कप्प्यांतल्या मात्रेचा फरकही पुसला जातो. १, ३, १०, ३०, १००, ३०० नॅनोमोलर अशी मालिका लावा. प्रथिन सुमारे ८ किलोडाल्टनचं आहे, म्हणजे १० नॅनोमोलरला मिलिलिटरमागे साधारण ८० नॅनोग्रॅम. ते प्लास्टिकला चिकटतं, म्हणून द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) हवंच.

माध्यमात सीरम असेल तर आधी ते काढा. त्यातलं डीपीपी४ हे विकर सीएक्ससीएल१२च्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटतं, आणि उरलेला तुकडा सीएक्ससीआर४ला जागं करत नाही. पेशी सुट्या करताना ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवू नका, पृष्ठभागावरचे रिसेप्टर कापले जाऊ शकतात.

कप्प्यांच्या एका जोडीत वर-खाली समान मात्रा ठेवा. तरीही पेशी उतरत असतील तर ती दिशाहीन हालचाल समजा. नियंत्रणासाठी एएमडी३१०० हे सीएक्ससीआर४ रोखणारं औषध वापरताना मात्रा बेताची ठेवा. जास्त मात्रेत ते सीएक्ससीआर७ला उद्दीपित करतं, आणि मग निकालाचा अर्थ लावणं अवघड जातं.