बँकॉकमधला एक दिवस : वाचक विचारतात

प्रश्न : परतीच्या वाटेवर बँकॉकमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत एकच दिवस हाताशी आहे. राजवाडा, झोपलेला बुद्ध आणि वाट अरुण एवढं होईल का? सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. (दादर)

होईल, फक्त क्रम चुकवू नका. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीननंतर आत सोडत नाहीत. आवारात सावली कमी आहे, म्हणून तो पहिला घ्या. स्कायट्रेनने सफान ताक्सिन स्थानकावर उतरा, साथोनचा धक्का खालीच आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट (१६ बाहत) धरून था चांगला उतरलात की राजवाड्याचं दार चालत काही मिनिटांवर. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक-बोटीचं महाग तिकीट गळ्यात मारायला लोक टपलेले असतात, तिकडे लक्ष देऊ नका. नारिंगी बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि सुटते. भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचसारखी ती भरायची वाट बघत नाही, म्हणून सासूबाईंना आधीच दाराजवळ उभं करा.

राजवाड्याचं तिकीट ५०० बाहत, पाचूच्या बुद्धाचं मंदिर त्यातच आलं. बिनबाह्यांचे कपडे, गुडघ्यावरची चड्डी, फाटकी जीन्स असेल तर दारावरच अडवतात. उघड्या खांद्यांवर ओढणी टाकून भागेलच असं नाही. साडी किंवा सलवार-कुर्ता उत्तम. चपला पटकन निघणाऱ्या हव्यात.

तिथून दक्षिणेला चालत वाट फो, म्हणजे झोपलेल्या बुद्धाचं मंदिर (थायी ‘वाट’ म्हणजे देऊळ). आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. बहुतेक लोक चेहऱ्याचा फोटो काढून पुढे सरकतात आणि नेमकं हेच बघायचं राहतं. जवळच्या था तियन धक्क्यावरून ५ बाहतमध्ये होडी पलीकडे वाट अरुणला सोडते. हे नाव आपल्याच अरुणाचं. शिखराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. सासूबाईंनी वर जाऊ नये. चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी खालूनही जवळून दिसते. सूर्य त्या शिखरामागे मावळतो, तेव्हा संध्याकाळी होडीने परत या आणि अलीकडच्या काठावरून बघा. मग सनाम चाय स्थानकावरून मेट्रोने दुसरं स्टेशन वाट मंगकोन, म्हणजे यावरातचा चिनी बाजार.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, पैकी दोघं कांदा-लसूणही खात नाहीत. थेपले न्यावेत का? (विलेपार्ले)

दोन-चार न्या, पण पोट त्यावर भरायची वेळ येणार नाही. अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते काढून देतात. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची. मीठ म्हणून वापरतात ते ‘नाम प्ला’ हे माशांचं आंबवलेलं पाणी. हिरव्या-लाल करीच्या वाटणात ‘कपि’ असते. वानराशी संबंध नाही, ही जवळा मीठ लावून आंबवून केलेली चटणी. कच्च्या पपईच्या सोम तम कोशिंबिरीत सोडे आणि नाम प्ला, पॅड थाय या परतलेल्या नूडल्समध्ये वर अंडंही. तेव्हा नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर भाज्या घातलेली, पण नाम प्लाने खारवलेली ताटली समोर येते.

त्याऐवजी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरातलं ‘เจ’ शोधा, उच्चार ‘जे’. हा चिनी बौद्ध परंपरेतला आहार : मांस, मासे, अंडं, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. तुमच्या त्या दोघांचं काम झालं. मात्र गाजर, मुळा चालतो, त्यामुळे कंदमुळं न खाणाऱ्या जैनांनी विचारूनच घ्यावं. इतर ठिकाणी ‘मै सै नाम प्ला’ (नाम प्ला घालू नका) आणि ‘मै सै खै’ (अंडं घालू नका) म्हणा. ‘खै’ म्हणजे अंडं, ‘कै’ म्हणजे कोंबडी. हा फरक बऱ्याच परदेशी जिभांना जमत नाही. आपल्याकडे क आणि ख वेगळे असल्यामुळे आपण चुकत नाही. कढई मात्र सगळ्यांची एकच असते. ते चालत नसेल तर सरळ मेट्रोच्या साम योत स्थानकावर उतरून पाहुरातला जा. सोनेरी घुमटाच्या गुरुद्वाऱ्याभोवती भारतीय शाकाहारी जेवण मिळतं.

गोडात आंबा आणि चिकट भात, ‘खाव नियाव मामुआंग’. तो कुठेही निर्धास्त खा. चिकट तांदूळ भिजवून वाफवतात आणि गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या दुधात मुरवतात. भात गार झाल्यावर दूध ओतलं तर ते आत शिरत नाही, तळाशी साचतं. अशी पाणचट ताटली दिसली तर पुढची खाण्याची गाडी बघा. वरून भाजलेली मूगडाळ येते. एप्रिल-मे हा तिथल्याही आंब्याचा हंगाम. हापूसशी तुलना करत बसू नका, ती जात वेगळी.

मासे-मटण खाणाऱ्यांसाठी एवढंच : ‘मू’ म्हणजे डुक्कर, ‘नुआ’ म्हणजे गोमांस. यावरातच्या गाड्या संध्याकाळी सहानंतर लागतात, आणि सोमवारी बऱ्याच बंद असतात.

प्रश्न : राजवाड्यात रामायण रंगवलंय म्हणतात. कुठे बघायचं? (गिरगाव)

पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतालच्या ओवरीत, १७८ चित्रांमध्ये. उत्तरेकडच्या दारापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने चाला, नाहीतर लंका आधी जळते. कथेचं नाव रामकियन. राम ‘फ्रा राम’, रावण ‘तोसकन’, म्हणजे दशकंठ. पण इथली सीता तोसकनचीच मुलगी आहे, आणि पांढरा हनुमान ब्रह्मचारी नाही, मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. घरच्या आजीला आधी सांगून ठेवलेलं बरं. ओवरीत फोटो चालतात, बुद्धाच्या गाभाऱ्यात अजिबात नाही. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटरची आणि उंचावर बसवलेली. पाचू म्हणतात, प्रत्यक्षात जेड आहे.

प्रश्न : ‘आज राजवाडा बंद आहे’ असं कुणी रस्त्यात सांगितलं तर? (बोरिवली)

ऐकू नका. सांगणारा लगेच २० बाहतमध्ये टुकटुकने शहर फिरवायची तयारी दाखवतो, आणि टुकटुक थांबते रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात. तिकीट खिडकीपर्यंत स्वतः चालत जा आणि तिथेच विचारा.