मागमूस सापडतो का?

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘चंद्रावर पाण्याचा मागमूस सापडला’ हे वाक्य कानाला खटकतं; मग ‘अंश’, ‘लवलेश’, ‘ओल’ यांपैकी काय लिहावं?

खटकतं ते योग्यच. ‘मागमूस’ला सोबत नकार लागतो. जून सरला तरी पावसाचा मागमूस नाही, असं आपण म्हणतो. काल पावसाचा मागमूस आला, असं कुणी म्हणत नाही. लवलेश आणि थांगपत्ता यांचंही जवळजवळ तेच. टिपूसही त्याच वाटेवरचा. आमची आजी ‘नळाला टिपूस नाही’ म्हणायची. नळ आला की ‘टिपूस आला’ नव्हे, ‘पाणी आलं’.

नुसता ‘माग’ मात्र काढता येतो. चांद्रयान-१वरच्या नासाच्या उपकरणाने तो काढला. चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातला ३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा भाग कमी भरत होता. २००९मध्ये हे जाहीर झालं. पण तो प्रकाश पाण्याने गिळला की नुसत्या हायड्रॉक्सिलने (म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूच्या जोडीने), ते तेवढ्यावरून ठरत नाही. म्हणून तिथे मी ‘पाण्याची खूण’ म्हणेन. ‘अंश’ म्हटलं की पाणी आहेच, फक्त थोडं आहे, असं होतं.

तो शब्द २०२०मध्ये शोभला. विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीला क्लेव्हियस विवराच्या परिसरात ६.१ मायक्रोमीटरची खूण दिसली, आणि ती हायड्रॉक्सिलची नसते. प्रमाण किती? घनमीटरभर मातीत साधारण साडेतीनशे मिलिलिटर. हा झाला अंश.

‘ओल’ मात्र नकोच. ओल भिंतीला येते, हाताला लागते. पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून ती बघतो. चंद्रावर हवेचा दाब नाही, तिथे उघड्यावर द्रव पाणी टिकणार कसं? तिथली मूठ कोरडीच उघडणार.

राहता राहिलं विहीर खणणाऱ्यांचं ‘पाणी लागलं’. तेही एकदा चालून गेलं असतं. ९ ऑक्टोबर २००९ला नासाने रॉकेटचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या केबियस विवरात मुद्दाम आदळवला. त्या विवराच्या तळाशी ऊन पोचत नाही. उडालेल्या धुरळ्यात बाष्प आणि बर्फ मिळून सुमारे १५५ किलो पाणी दिसलं. बोअर जरा महागात पडली, पण ‘लागलं’ म्हणायला माझी हरकत नाही.